तू म्हणजे कोण

ता. ३ फेब्रुवारी, मंगळवार

ती. अक्का,

नमस्कार. तुझी सही हवी आहे म्हणून लिहिते आहे. नऊ वर्षांनी पत्र टाकायचं आणि तेही सहीसाठी, हे बरं दिसत नाही. पण गोडगोड प्रस्तावना करून तुला फसवणार नाही. तू फसणारही नाहीस.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींना ऐकू कमी येतं असं कानावर आलं. चाळीस वर्षं तुझ्याबरोबर काढल्यावर कानांनी हात टेकले तर त्यांना दोष देता येणार नाही. त्यांना नमस्कार सांग, जरा मोठ्याने.

मी ठीक. छोटी ठणठणीत. एक्कावन्न पूर्ण झाली. केस पिकलेत, कलप लावायला बसवलं तर ब्रश घेऊन पळते. चपला अजून भिंतीशी ओळीत लावते, पाहुण्यांच्यासुद्धा, त्यामुळे जाताना प्रत्येकाला आपली शोधावी लागते. कार्यशाळेत रोज जाते. पूर्वी तिथे खोके बांधायची. दीड वर्षापासून संशोधन करते.

हसू नकोस. मीही हसले होते. विद्यापीठातल्या एक बाई आल्या आणि म्हणाल्या, ह्या लोकांबद्दल बाकीच्यांनी पुष्कळ लिहून झालं, आता ह्यांनीच आपल्याबद्दल शोधून काढायचं. आठ जणांचा गट केला. विषयसुद्धा त्यांनीच ठरवला. चार बरण्यांवर चार चित्रं चिकटवली आणि प्रत्येकाने आवडत्या बरणीत एक बटण टाकायचं. पाच बटणं घराच्या बरणीत पडली. म्हणून प्रश्न ठरला, 'आपलं घर म्हणजे काय?' कोणी मातीचं घर करतं, कोणी कापडाचं, कोणी एकमेकांकडे जाऊन प्रश्न विचारतं. छोटी आवाज गोळा करते. गळ्यात लहानसं कॅसेटचं यंत्र असतं. जुन्या पद्धतीचं मुद्दाम घेतलंय, चाक फिरताना दिसलं की चालू आहे हे कळतं. आणि छातीवर बिल्ला असतो, 'सहसंशोधक'. तो ती अंघोळीलाही काढत नाही. मी त्याला प्लॅस्टिकचं आवरण शिवलंय.

मी त्यांना कॅसेटवरचं बोलणं उतरवून देते. पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत चौतीस वर्षं मुद्रितं तपासली, त्याचा कुठेतरी उपयोग. शिवाय छोटीचं बोलणं माझ्याशिवाय कोणाला लागत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

आता सहीचं. कार्यशाळेपासून तीन गल्ल्या सोडून एक घर आहे. छोटीसारख्या चार जणी तिथे राहतात, मदतीला एक बाई असते. आपापली खोली, आपापलं कपाट. डिसेंबरमध्ये तिथली एक खोली रिकामी होणार होती आणि छोटीला विचारलं होतं. पण कागदपत्रांत काही चूक झाली आणि तिची 'नको' अशी नोंद गेली. मध्ये दुसरी एक येऊन राहिली, तिचं पटलं नाही, ती गेली. खोली पुन्हा रिकामी आहे. मी कळवलंय की छोटी तयार आहे. आईवडील नसले की सगळ्या भावंडांची सही लागते, असा त्यांचा नियम आहे.

फॉर्म सोबत आहे. पेन्सिलीने फुल्या केल्यात, त्या दोन्ही ठिकाणी सही कर. काळ्या शाईने. अठ्ठावीस तारखेच्या आत पोचायला हवा. परतीच्या पाकिटावर पत्ता घालून तिकीटही लावलंय.

मधली


ता. ११ फेब्रुवारी, बुधवार

ती. अक्का,

फॉर्म कोराच परत आला. सोबत तुझी चिठ्ठी: 'सही करीन. चूक "झाली" म्हणतेस. कोणाची?'

वॉर्डात तू पोरींना अशीच धारेवर धरत असशील. इंजेक्शन 'दिलं गेलं' म्हणजे कोणी दिलं, नाव सांग. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी मेट्रनचा आवाज तसाच आहे. कागदावरसुद्धा ऐकू येतो.

माझी. चूक माझी. एवढंच कार्डावर लिहून पाठवणार होते, पण तू दुसरं कार्ड टाकून 'काय केलंस?' विचारशील. तेव्हा एकदाच सांगते.

छोटीचं 'तू' तुला आठवत असेल. आई विचारायची, 'तुला भूक लागली?' मग भूक लागली की छोटी येऊन तेच वाक्य आईला ऐकवायची, 'तुला भूक लागली.' तिचं 'तू' म्हणजे 'मी'. बाबांचे ते जाडे साहेब घरी आले होते, त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, 'तुला शू लागली.' आणि साहेब खरंच उठून गेले. तू उशीत तोंड खुपसून हसत होतीस.

तर कॅसेटी उतरवताना मी हे 'तू' दुरुस्त करत गेले. ती म्हणायची, 'तुला खिडकी आवडते', मी लिहायचे, 'मला खिडकी आवडते.' उताऱ्याच्या माथ्यावर टीप घातली होती: 'ही स्वतःला तू म्हणते. घरच्या माणसाने अर्थ लावून लिहिलं आहे.' बाईंनी माझे आभार मानले. आमच्या कामात एक खूण असते. आपण खोडलेला शब्द बरोबर होता असं नंतर लक्षात आलं, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'तसंच ठेवा'. चौतीस वर्षांत ही खूण मी फार तर दहा वेळा केली असेल. मला त्याचा अभिमान होता.

डिसेंबरमध्ये त्या घराबद्दल छोटीची मुलाखत झाली. घेतली गटातल्याच एकाने. चाळिशीचा आहे. प्रत्येक वाक्यावर 'परत सांगा' म्हणतो, म्हणून नावही परत-सांगा पडलंय. ऐकू कमी येतं म्हणून विचारत नाही. नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून कोणती बस वळली ते सांगतो. मुलाखतीच्या वेळी घरच्यांनी बाहेर बसायचं हा गटाचा नियम. त्याने घराचं चित्र पुढे केलं आणि विचारलं, ह्या घरात राहायला जायचं का? कॅसेटवर छोटीचं उत्तर आहे:

'तू घाबरतेस. एकटी राहायला तू घाबरतेस. तू रडतेस.'

मी लिहिलं, 'मी घाबरते. एकटी राहायला मी घाबरते. मी रडते.'

बाईंनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, तिच्यावर जोर करायचा नाही. खोली दुसरीला दिली.

पुढे जानेवारीत पट्ट्यांचा दिवस आला. प्रत्येकाचं एक वाक्य कापडी पट्टीवर छापायचं. ज्याचं वाक्य त्याने पट्टी हातात घ्यायची आणि पटलं तर तिच्यावर आपला शिक्का मारायचा. शिक्का नसेल तर पट्टी भिंतीवर लागत नाही. छोटीच्या पट्टीवर छापलं होतं, 'एकटी राहायला मी घाबरते.' बाईंनी ती तिच्या हातात दिली. छोटी सगळा हॉल ओलांडून आली आणि पट्टी माझ्या मांडीवर ठेवली. मी तिला परत दिली. तिने पुन्हा आणून ठेवली. तिसऱ्यांदा तिने माझी बोटं मिटवून पट्टी मुठीत कोंबली आणि मूठ वरून दाबून धरली. सगळे हसायला लागले. कोणी म्हणालं, 'ताईला बक्षीस!' मीही हसले. म्हटलं, दमलीय ती. आणि तिला घरी घेऊन आले.

ती वाक्य ज्याचं त्याला परत करत होती.

सवयीने झालं, अक्का. इतकी वर्षं पेन्सिल हातात असली की हात आपोआप चालतो. चूक समोर दिसली की बोटं शिवशिवतात. कोणाचीही झाली असती. आता सही कर.

मधली


ता. १२ फेब्रुवारी, गुरुवार

अक्का,

कालच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद गाळून वाच. सवयीने काही झालं नाही.

पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच उभी राहिले. पोस्टमन पेटी उघडायला आला तर परत मागून घ्यावं, असं वाटत होतं. तो आला, मला बघून म्हणाला, 'काकू, काही राहिलं का?' मी नाही म्हटलं. घरी येऊन हे लिहायला घेतलं.

कॅसेटवरचं उत्तर तीन वाक्यांचं नाही. पाच वाक्यांचं आहे. कानामात्रेचा फरक न करता उतरवते:

'तू घाबरतेस. एकटी राहायला तू घाबरतेस. तू रडतेस. तू नळ सोडतेस. मी जाणार.'

शेवटची दोन मी गाळली.

चौथं गाळलं, कारण त्याचं 'मी' करता येईना. छोटी नळ सोडत नाही. तिला वाहत्या नळाचा आवाज सोसवत नाही, लहानपणापासून. नळ मी सोडते. त्या घराबद्दल पहिल्यांदा विचारणा झाली, तेव्हापासून दुपारचा चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात जायचं, नळ मोठा करायचा आणि ओट्याला टेकून रडायचं. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ. ती बाहेर कानांवर हात ठेवून बसलेली असायची. मला वाटायचं, पाण्याच्या आवाजामुळे.

तिच्या आवाजांच्या कॅसेटी आहेत. कडीचा आवाज, जिन्याचा, शेजाऱ्यांच्या शिवणयंत्राचा. प्रत्येकीवर कसला आवाज ते लिहायचं असतं, ती सांगते आणि मी लिहिते. एक लावली तर नुसतं पाणी. विचारलं, हे काय? म्हणाली, 'ताई.' मी म्हटलं, 'ताई नव्हे बाई, नळ.' आणि डबीवर लिहिलं, 'स्वयंपाकघरातला नळ'. काल ती पुन्हा लावली, कानाशी धरून. पाण्याच्या खाली मी आहे. अगदी स्पष्ट.

आणि पाचवं वाक्य. तिच्या तोंडून मी आजवर 'मी' ऐकलं नव्हतं. आईनेही नाही. कसले कसले डॉक्टर झाले, बाहुल्या झाल्या, आरसे झाले. गटात त्यांनी एक खेळ केला होता. आपला फोटो छातीशी धरायचा आणि 'मी' म्हणून बोलायचं, बस्स. त्यातून आलं असेल, कुठून आलं कोण जाणे. आलं. दीड वर्ष मी तिच्या नावावर शेकडो 'मी' लिहिले. जो एक तिचा स्वतःचा होता, तो खोडला. पेन्सिलीला टोक केलं आणि मग खोडला.

एवढ्यावर संपत नाही. वीस जानेवारीला पट्ट्यांची पुन्हा बैठक झाली. छोटीच्या पट्टीवर अजून शिक्का नव्हता. परत-सांगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, 'ती "मी जाणार" म्हणाली. मी होतो तिथे.'

बाई म्हणाल्या, 'उताऱ्यात तसं नाहीये.'

'उताऱ्यात नाही. तोंडात होतं.'

मी सगळ्यांना समजावून सांगायला लागले, तिचं तू म्हणजे मी, वगैरे. आवाज बऱ्यापैकी शिक्षकी लागला असणार. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मग "जाणार" कुठे गेलं?'

'तुला काय कळतं?' मी म्हटलं. असंच. सगळ्यांसमोर. 'एक्कावन्न वर्षं मी तिला ओळखते. तू कालचा.'

तो म्हणाला, 'मला ऐकू येतं.'

त्याने गळ्यातलं यंत्र काढलं, पट्टा नीट गुंडाळला, टेबलावर ठेवलं आणि निघून गेला. त्यानंतर कार्यशाळेत आलेला नाही. बाईंनी माझ्याकडे मूळ कॅसेट मागितली, एकदा ऐकू या म्हणाल्या. मी सांगितलं, पुसली गेली. बघ, नेमका तुझ्या लक्षात येणारा शब्दप्रयोग. 'पुसली गेली.' ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आणि छोटी ठणठणीत नाही. मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. वीस जानेवारीपासून ती बोलत नाही. तेवीस दिवस झाले. 'तुला भूक लागली'सुद्धा नाही. ताट वाढलं तर जेवते, नाही वाढलं तर बसून राहते. बिल्ला काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी दोनदा परत लावला, तिने दोनदा काढला. कार्यशाळेत जाते आणि पुन्हा खोके बांधते.

म्हणून खोली पुन्हा रिकामी झाल्याचं कळलं तेव्हा मी घाईने 'छोटी तयार आहे' असं कळवून टाकलं. म्हटलं, तिला खोली मिळेल, ती बोलायला लागेल, आणि कॅसेटचं कोणाला कळायचं कारण नाही. दुरुस्तीसुद्धा तिच्या वतीने मीच करायला निघाले होते. तिला विचारलंच नाही. तुझी चिठ्ठी आली नसती तर कामही झालं असतं.

नऊ वर्षांपूर्वी तू दोन महिन्यांसाठी तिला न्यायला आली होतीस. तिने स्वतः पिशवी भरली होती. खाली चपला आणि वर कपडे, पण भरली होती. मी तुला दारातच सांगितलं की ती यायचं नाही म्हणते. तू विचारलंस, 'ती म्हणते का तू म्हणतेस?' त्यावर मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुझ्या लक्षात आहे. मुलं नसलेल्या बाईने दुसऱ्यांना शिकवू नये, असं मला, मला मुलं नसताना, तुला म्हणवलं. आणि दार लावलं. पिशवी मी संध्याकाळी रिकामी केली. ती बघत होती.

मी तिला सांभाळते, असं सगळे म्हणतात. शेजारी म्हणतात, कचेरीतले म्हणायचे. पंचवीस वर्षं हे ऐकून घेताना मी नम्रपणे मान खाली घालत आले. छोटी एकदाच बोलली आणि तिने ते उलटं करून ठेवलं. तिच्यावाचून घरात एकटी राहायला मी घाबरते. हे मी लिहिलंच होतं, नाही का? 'एकटी राहायला मी घाबरते.' वाक्य शुद्ध होतं. नाव चुकीचं होतं.

उद्या अकरा वाजता कॅसेट घेऊन कार्यशाळेत जाणार आहे. सहीचं आता तू ठरव. आधी त्यांना तिला विचारू दे, मग कर. मी फॉर्म पुन्हा पाठवते आहे, पण फुल्या खोडल्यात.

मधली


ता. २ मार्च, सोमवार

अक्का,

सही केलेला फॉर्म वेळेत पोचला. सोबत एक ओळही नव्हती. त्याबद्दल तुझे उपकार मानते. चार ओळी असत्या तर मी त्या तपासत बसले असते.

झालं ते क्रमाने सांगते.

तेरा तारखेला मी कॅसेट बाईंच्या हातात दिली. त्या रागावल्या नाहीत, त्याचा जास्त त्रास झाला. म्हणाल्या, 'हे मला सांगून चालणार नाही, गटाला सांगा.' मग सहा जणांसमोर उभी राहिले, छोटी सातव्या खुर्चीवर. पाचही वाक्यं लावली. मी काय केलं ते सांगितलं. गटात एक आहे, तिला सगळे घड्याळबाई म्हणतात, कारण कधीही विचारा, मिनिटासकट वेळ सांगते. तिने विचारलं, 'ताई, म्हणजे तुम्ही लबाडी केलीत?'

'हो.'

'अकरा वाजून चाळीस मिनिटं,' ती बाईंना म्हणाली. 'लिहा. ताईने हो म्हटलं.'

लिहिलं गेलं. नाही, बाईंनी लिहिलं. इतिवृत्तात आहे.

तिथून परत-सांगाच्या घरी गेले. तो भावाकडे राहतो, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. वहिनीने दार उघडलं आणि मला ओळखून आत हाक मारली, 'भाऊजी, त्या ओरडणाऱ्या बाई आल्यात.' तो बाहेर आला. मी म्हटलं, 'माझं चुकलं.'

'परत सांगा.'

'माझं चुकलं.'

'काय चुकलं?'

'तू ऐकलं होतंस ते खरं होतं. मी ते कागदावरून काढून टाकलं. आणि तुला सगळ्यांसमोर काय कळतं म्हटलं.'

'परत सांगा.'

तिसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून सांगितलं. वहिनी आत जाऊन पाणी घेऊन आली, ती दारामागे ऐकत होती. त्याने डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, 'आता बरोबर. पहिल्यांदा घाईत होतं.' मग विचारलं, 'मशीन कुठेय माझं?'

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. सतरा तारखेला त्याने छोटीची मुलाखत पुन्हा घेतली. मी फाटकाबाहेरच्या बाकावर होते. चाळीस मिनिटं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एकदा हसण्याचा. कोण हसलं ते कळलं नाही. ती काय म्हणाली हे मला सांगितलेलं नाही. ह्या वेळी उतारा घड्याळबाई आणि बाई मिळून करतात, आणि तो आधी छोटीला वाचून दाखवतात. मी विचारलं नाही. विचारावंसं वाटत नाही असं लिहिणार होते. वाटतं. रोज वाटतं. विचारत नाही.

मला एवढंच कळवलं की दोन मार्चला ती राहायला येईल.

आज सकाळी आम्ही रिक्षाने गेलो. पिशव्या तिने भरल्या. चपला खाली, कपडे वर. मी हात लावला नाही. खोलीला एक खिडकी आहे, खाली न्हाव्याचं दुकान आणि शाळेची मागची भिंत दिसते. शेजारच्या खोलीतल्या बाईने येऊन छोटीचा पलंग दाबून पाहिला आणि 'माझा मऊ आहे' असं सांगून गेली. छोटी कपाट उघडून बंद करत राहिली, दहा-बारा वेळा. दार चांगलं लागतं.

मग माझ्याकडे वळली. एक्केचाळीस दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, 'तू जा.'

अक्का, माझ्या डोक्यात दोन्ही अर्थ एकदम उभे राहिले. 'मी इथे राहते, तू घरी जा', किंवा तिचं ते जुनं बोलणं, 'मला जायचंय', म्हणजे घरी ने. पाऊल उचलेना. पूर्वी मी एक अर्थ उचलून पुढे चालू पडले असते. मी तिलाच विचारलं, 'कोण जा?' असलं अशुद्ध वाक्य मी जन्मात बोलले नव्हते.

तिने माझा दंड धरला, मला दारापर्यंत नेलं, बाहेर उभं केलं आणि आत गेली.

घरी आले आहे. चहा टाकला आहे. नळ बंद आहे.

तुला तिला भेटायचं असेल तर माझ्याकडे येऊ नकोस, तिच्याकडे जा. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे. आधी कळवून जा, आणि ती येऊ नको म्हणाली तर जाऊ नकोस. नंतर वेळ राहिला आणि तुला चालत असेल, तर माझं दार त्या दिवशी लावलेलं नसेल. नऊ वर्षांपूर्वी जे बोलले त्याची माफी समोर मागेन. कागदावर मी वाक्यं फार नीट करते, त्यावर विश्वास ठेवू नकोस.

आज काय काय दिलं त्याची नोंद केली आहे. एक प्रत बाईंकडे, एक छोटीच्या कपाटात, ही तुला.

तुझी,
मधली

दिलेल्या वस्तू. ता. २ मार्च, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

अभ्यासगटाला:
मूळ कॅसेट, एक. पुसलेली नाही. (१३ फेब्रुवारीलाच दिली.)
माझ्या अक्षरातले सगळे उतारे, दोनशे अकरा पानं. जिथे जिथे 'तू'चं 'मी' केलं तिथे खाली टिंबं दिली आहेत. काही जागी आता मलाही आठवत नाही, तिथे तसं लिहिलं आहे.
'बोलण्याचा अर्थ सांगणारी घरची व्यक्ती' म्हणून माझ्या नावाचं पत्र. परत.

छोटीला:
पिशव्या, दोन. आत काय आहे ते तिला माहीत.
आवाजांच्या कॅसेटी, छत्तीस. एका डबीवरचा मजकूर खरवडून काढून 'ताई' लिहिलं आहे.
औषधांची यादी आणि डॉक्टरांचा नंबर.
बिल्ला, एक. लावायचा की नाही ते ती ठरवील.
माझ्या घराच्या पुढच्या दाराची किल्ली, एक. ती माझ्याकडे राहायला आली त्याला पंचवीस वर्षं झाली. ह्याआधी तिला दिलेली नव्हती.

घेणारीने प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली. किल्ली दोनदा.